डावीकडे चार बोटं

मानकू हलामीनं तीर ऐरणीवर ठेवला
आणि भट्टीच्या उंबऱ्याशी बसून तंबाखू मळत म्हणाला,
"तीस पावलांवर डावीकडे जाते. चार बोटं."
एवढंच.

बाबांनी हातोडा ठेवला. मानकूचा तीर, आणि डावीकडे?
टोक त्यांनी अंगठ्याच्या नखावर टेकवलं,
दुसऱ्या चिमटीनं बांबू गर्रकन फिरवला.
टोक वाकडं असलं तर नखाला कुरतडतं,
डोळ्याला दिसायच्या आधी.
नख गप्प राहिलं.

"सरळ हाय," बाबा म्हणाले. "मंग पळते कायले?"

मी ब्रह्मपुरीच्या आयटीआयत दोन वर्षं लेथ चालवून परत आलेली,
गावात अजून कुणी मला काही विचारलं नव्हतं.
पातं हातात घेतलं: दोन बोटं रुंद,
पिंपळाच्या पानाचं, आजोबांच्या मापाचं.
"पान हाय हे," मी म्हटलं, "पान वारा धरते."
मागं पिसं वळवणार, पुढं पातं वळवणार,
वैनगंगेत एका डोंग्याला
दोन टोकांना दोन नावाडी, आणि बोलाचाली बंद.

मानकूनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
"गिधाडाचं पीस होतं तोवर मागचा नावाडी जबर होता," तो म्हणाला.
"आता घारीचं लावतो.
गिधाडं कुठं रायली."

आधी मी पात्याला दोन भोकं पाडली,
वारा अडायला नको, आरपार जावा म्हणून.
तीर सरळ गेला, पण शिट्टी वाजवत,
शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखा.
मोहावरचे होले भर्रकन उडाले.
मानकू इतका हसला की ठसका लागला:
"हा त डुकराच्या घरी आधी निरोप धाडते!"

मग ट्रॅक्टरच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा.
बाबांनी तापवला, ठोकला, लांबवला,
मी कानशीनं दोन्ही अंगं सारखी केली,
बांबूच्या पानासारखं अरुंद,
मधे कणा जाड, कडेला उतरतं.
बोट फिरवलं तर कुठं अडू नये,
बोटाला अडतं तिथं वाऱ्यालाही अडतं.
पाणी द्यायच्या वेळी बाबा रंगावर डोळा ठेवून:
तणसाचा पिवळा आला की बाहेर,
निळा येऊ दिला तर दगडावर वाकेल.
दुकानातला मिरचीचा तराजू आणला,
एका पारड्यात जुनं, एकात नवं.
काटा मधे येईस्तोवर घासत बसले.
हाताला शिंका येत असत्या तर आल्या असत्या.

धानाच्या बांधीपलीकडे वारूळ,
वारुळावर काट्यानं खोचलेलं पळसाचं पान.
वारा आडवा.
मानकूनं दोरी कानापर्यंत ओढली.

तीर गेला उजवीकडे.
चार बोटं.

आम्ही दोघंही जमिनीकडे पाहू लागलो.
तो मात्र मान डोलवत होता, खूश दिसत होता.
मागे हाक दिली: "दसरू, ये बे."
नातू, नऊ वर्षांचा, नाक पुसत आला,
अर्ध्या ताकदीनं ओढून त्यानं सोडला
वीस पावलांवरून, मग पंचवीस, मग जिद्दीनं तीस.
पळसाचं पान मधोमध फाटलं.

"चाळीस साल," मानकू म्हणाला,
"मी चार बोटं उजवीकडे धरून मारून रायलो.
हाताले तेच सरळ वाटते.
शिकार बंद झाली, होऊ दे.
पण पोराले कसं सांगू, का नेम धर
अन् खोटा धर?"

नवी पाच पाती दसरूनं खिशात घातली,
खिसा तिथंच फाटला.

मानकूनं ऐरणीवरचं आपलं जुनं पातं उचललं.
बाबा म्हणाले, द्या, तेही घासून देतो.
त्यानं हात मागं घेतला, थोडा विचार केला,
मग बाबांसमोर धरलं.

"धार लाव फक्त.
रुंदी राहू दे."